अकराव्या अध्यायातला पाटील

मी एकतीस वर्षे दैनिकात पाने लावली. त्या काळात माझ्या पानावर पहिल्या परिच्छेदात वारलेला माणूस दुसऱ्या परिच्छेदात जेवायला बसला, असे एकदाही झाले नाही. हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यावरून माझ्या कामाविषयी वेगळा समज होण्याची शक्यता आहे.

घटना खामगावातली. आमच्या शेजारच्या रुखमाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, रोज सकाळी सात वाजता पोथीचा एक अध्याय वाचतात. पोथी म्हणजे तालुक्यातल्या एका लहानशा मठातल्या महाराजांचे चरित्र. ती सत्तरएक वर्षांपूर्वी एकदाच छापली गेली. मठातली प्रत वाळवीने वाचली, त्यामुळे माणसांनी वाचायची म्हणून रुखमाबाईंचीच शिल्लक. अध्याय अठ्ठावीस. अठ्ठावीस दिवसांत एक आवर्तन, वर्षाला तेरा, बारा वर्षांना एकशे छप्पन्न. वर्षाचा एक दिवस उरतो, तो रुखमाबाई देवाला सोडतात. बारा वर्षे, एकशे छप्पन्न आवर्तने, मधे खंड नाही, असा त्यांचा संकल्प होता. अकरा जानेवारीला एकशे पंचावन्न पूर्ण झाली. बारा जानेवारीला चिखलीत त्यांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले. लेक तिथेच राहते, म्हणून चार आठवडे मुक्कामही तिथेच. चार आठवडे वाचायचे नाही, वाकायचे नाही आणि डोळ्यात पाणी येऊ द्यायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते.

अशा प्रसंगी बदली वाचक चालतो. सुपारी आणि अक्षता देऊन पोथी त्याच्या हाती सोपवली की त्याचे वाचन ते आपले वाचन. अडचण एवढीच, की त्याची चूकही आपलीच.

रुखमाबाईंची सून सकाळच्या शाळेवर शिकवते. मुलगा शेषराव पोथी उघडली की झोपतो. याला वैद्यकीय कारण आहे असे तो म्हणतो. शेवटी माझे नाव माझ्याच बायकोने सुचवले. पुष्पांजली आमच्या कॉलनीच्या महिला भजनी मंडळाची सचिव आहे.

"हे रिकामेच आहेत," ती म्हणाली. "ऑक्टोबरपासून घरात बसून बिस्किटाच्या पुड्यावरच्या चुका काढून राह्यले. त्याच्यापेक्षा पोथी बरी."

मी होकार देण्याच्या आत माझी निवड झाली. मात्र मंडळाच्या वहीत पुरुष बदली वाचकाची याआधीची नोंद नसल्यामुळे मला अर्ज करावा लागला. अर्ज सचिवांच्या नावे, म्हणजे चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईंच्या नावे. तो कारण नमूद नसल्याने परत आला. दुसऱ्यांदा, सही कोपऱ्यात गेली म्हणून परत आला. तिसऱ्यांदा मंजूर झाला आणि त्याबरोबर पोळीही मिळाली.

अकरा जानेवारीला सकाळचे वाचन संपल्यावर रुखमाबाईंनी पोथी माझ्या हातात दिली. वर सुपारी ठेवली.

"अरे भागवत, अक्षर न् अक्षर वाचजो," त्या म्हणाल्या. "घाई करजो नको. बारा वर्षं तुह्या हातात देऊन राह्यली मी."

"माय, अक्षराची काळजी सोडा," मी म्हणालो. "अक्षर हाच माझा धंदा."

या वाक्याचा मला पुढे फार त्रास झाला.

पोथी हातात घेतल्यावर कळले की ती पोथी नसून एकाच फडक्यात राहणारी सुटी पाने आहेत. बारा वर्षांच्या रोजच्या हाताळणीने शिवण गेली होती. रुखमाबाईंना कोणते पान कुठले हे हाताला कळत असे. मला कळणे शक्य नव्हते. मी ती बांधून घ्यायचे ठरवले. कोणी सांगितले नव्हते. सगळ्या प्रकरणात माझ्या बुद्धीने केलेली हीच एक गोष्ट.

बाजारातल्या गल्लीत सईदभाईंचे बाइंडिंगचे दुकान आहे. आमच्या कार्यालयाच्या वर्षभराच्या फायली तेच बांधत. पोथी पाहिल्यावर त्यांनी हात धुतले, टेबलावर स्वच्छ कापड अंथरले आणि एक एक पान उचलून पाहिले.

"साहेब, पानं तुम्हीच लावून द्या," ते म्हणाले. "नंबरचे कोपरे सगळे कसर खाऊन गेली."

पृष्ठांक गेले होते, पण ओव्यांचे क्रमांक शाबूत होते. प्रत्येक पानावर वीस ओव्या: एक ते वीस, एकवीस ते चाळीस, असे. अडचण अशी, की क्रमांक दर अध्यायाला पुन्हा एकपासून सुरू होतात आणि अध्यायाचे नाव फक्त पहिल्या पानावर असते. मी तिथेच बसलो. फाटलेल्या कडा जुळवल्या, हळदीचे आणि तेलाचे डाग जुळवले. अडीच तासांत सगळी पोथी लागली आणि शेवटी हातात दोन पाने उरली. दोन्हींवर ओव्या एक्केचाळीस ते साठ. जागाही दोनच उरल्या, एक अकराव्या अध्यायात आणि एक एकोणिसाव्यात.

"दोन्हीत पाटीलच दिसून राह्यला साहेब," सईदभाई पानांवर वाकून म्हणाले. "जरा पढ़ के देख लो, कोणता कुठला."

"सईदभाई," मी म्हणालो, "एकतीस वर्षं पानं लावतो आहे मी."

मी एक पान इकडे ठेवले, एक तिकडे. दोन्हीकडे चाळीसनंतर एक्केचाळीस आले. क्रम बरोबर होता. सईदभाईंनी सुईत दोरा ओवला.

बारा जानेवारीला मी बसलो. बसण्यापूर्वी समोरचे गुलाबराव आले. ते निवृत्त तलाठी आहेत आणि कोणतीही जागा पाहिली की आधी तिच्या दिशा ठरवतात.

"साहेब, तोंड पूर्वेकडे पाह्यजे," ते म्हणाले.

मोबाइलमधल्या होकायंत्राने पूर्व संडासाकडे दाखवली. गुलाबरावांनी ती अमान्य केली. मग ते गच्चीवर गेले, सूर्य पाहिला, खाली येऊन पावलांनी हॉल मोजला आणि पूर्व निश्चित केली. तिथे आमचा फ्रिज होता. फ्रिज हलवायचा तर प्लग पोचत नव्हता. तेव्हा फ्रिजकडे तोंड करून पोथी वाचणारा मी बहुधा खामगावातला पहिला.

वाचताना कसे बसावे, याविषयी पहिल्या चार दिवसांत मला जे मार्गदर्शन मिळाले ते एका पुरवणीचा मजकूर होईल. मांडी उजवी वर. पाट लाकडी, पण सागाचा नको. चहा आधी नको, नंतरही लगेच नको. शेषराव येऊन एवढेच म्हणाला, "भाऊ, आवाज जरा बारीक ठेवजा. भिंत पातळ आहे." पुष्पांजलीने माझ्या हातातून लाल पेन काढून घेतला. तिसऱ्या अध्यायात ऱ्हस्वाचे दीर्घ झाले होते, ते मी सवयीने दुरुस्त केले होते.

"पोथीले कोणी लाल शाई लावते काय?"

"चूक आहे ती."

"सत्तर वर्षं झाली तिले. आता ते तिचंच आहे."

माझे वाचन मात्र चोख होते. मुद्रितशोधक कसे वाचतो हे सामान्य वाचकाला माहीत नसते, म्हणून सांगतो. तो अर्थ वाचत नाही. अर्थाकडे लक्ष गेले की चूक सुटते. तो अक्षर पाहतो, काना पाहतो, मात्रा पाहतो आणि पुढे सरकतो. मी याच पद्धतीने दहा अध्याय वाचले. एक अनुस्वार गाळला नाही. महाराजांनी काय काय केले, ते मात्र मला विचारू नये.

बावीस जानेवारीला अकरावा अध्याय होता. श्रोते तिघे: गुलाबराव आणि मंडळाच्या दोन बायका. मी शेवटच्या ओवीपर्यंत आलो, पोथी मिटली, नमस्कार केला. गुलाबराव हलले नाहीत.

"साहेब," ते हळू आवाजात म्हणाले, "पाटील मेला नं?"

"कोण पाटील?"

"पोथीतला. आत्ताच जाळला त्याले. धूर गेला वर. मंग लगेच जेवाले कसा काय बसला?"

मी पोथी उघडली. साठावी ओवी अशी होती:

चितेचा धूर गगनी गेला । पाटील पंचतत्त्वी मिळाला ।
गाव माघारी फिरला । स्नान करूनि घरोघरी ॥

आणि एकसष्टावी अशी:

मग हात धुवोनि पाटील । पंगतीस बैसला तत्काळ ।
म्हणे आणा भाकर नि डाळ । भूक लागली बहुत ॥

मी क्रमांक तपासले. साठ. एकसष्ट. मधे काही सुटलेले नव्हते. पुढच्या ओव्यांत पाटलाने पाच भाकरी खाल्ल्या होत्या.

"पोथीत आहे ते मी वाचलं," मी थोड्या कडक आवाजात म्हणालो. "एक अक्षरही बदललेलं नाही."

हे खरे होते. सगळ्या अनर्थाला पुरेल एवढे खरे होते.

"म्हंजे महाराजांनी उठोला त्याले!" दोघींपैकी एक म्हणाली आणि तिने फ्रिजला हात जोडले. रुखमाबाई स्वतःपुरत्या पुटपुटत वाचायच्या, त्यामुळे ही कथा कॉलनीत कोणी नीट ऐकलेली नव्हती. बारा वर्षे शेजारी चमत्कार झाकलेला राहिला याची सगळ्यांना हळहळ वाटली.

गुलाबरावांना वेगळीच चिंता. "मेला म्हटल्यावर वारसाची नोंद झाली असंन. जिवंत झाल्यावर फेरफार रद्द करावा लागते. ते पोथीत कुठी आहे काय?"

"पुढे येईल," मी म्हणालो.

संध्याकाळी त्यांनी पंचनामा आणला. ठळक अक्षरात, समास सोडून: "अध्याय ११, ओवी ६० अन्वये मयत झालेला इसम ओवी ६१ मध्ये भोजन करीत असताना समक्ष आढळून आला. भाकरींची संख्या पंचांनी मोजून पाच असल्याची खात्री केली." चार पंचांच्या सह्या होत्या. चौथी शेषरावाची होती, जो वाचनाच्या वेळी भिंतीपलीकडे झोपला होता. खाली "वाचक" असे लिहून माझ्यासाठी जागा सोडली होती. मी सही केली. मजकुरात चूक नव्हती.

पंचनामा कॉलनीच्या ग्रुपवर गेला आणि तिथून हरिओमपर्यंत. हरिओम माझ्या जुन्या दैनिकाचा वार्ताहर; त्याला बातमी मीच शिकवली. त्याने फोन केला.

"सर, फक्त एकच सांगा. पोथीत तसं आहे ना?"

"पोथीत तसं आहे. मी एक अक्षरही बदललेलं नाही. पण ही बातमी होत नाही, हरिओम."

पंचवीस तारखेला तिसऱ्या पानावर चार कॉलम: "चितेवरून थेट पंगतीत!" खाली: "ज्येष्ठ पत्रकाराचा दुजोरा." असल्या किमान दोनशे बातम्या मी एकतीस वर्षांत टोपलीत टाकल्या होत्या. दुःख याचेही होते, की मी त्याला उद्गारचिन्ह वापरायला कधी शिकवले नव्हते.

त्यानंतर माणसे येऊ लागली. पिंपळगाव राजाहून एक जीप भरून आली. दारात चपलांचा ढीग पडू लागला आणि मला माझ्याच घरात एकदा शेषरावाची चप्पल घालून जावे लागले. सगळ्यांना अकरावाच अध्याय ऐकायचा होता. क्रम मोडता येत नाही म्हटल्यावर ती म्हणत, "बरं, मंग तो पाटील पुढं कुठी येते?" कोणीतरी पाच भाकरी आणि डाळ नैवेद्याला आणली. दुसऱ्या दिवशी तीन घरांतून आली. नैवेद्य ठेवायचा तो वाचकाच्या समोर, म्हणजे फ्रिजवर. फ्रिजला हळदकुंकू लागले. अठ्ठावीस जानेवारीला मी दूध काढायला दार उघडले तर एका म्हाताऱ्या बाईने मला थांबवले.

"आधी हात धुवा, बाप्पा."

मी हात धुतले.

तीस जानेवारीला एकोणिसावा अध्याय. हॉल, व्हरांडा आणि जिना मिळून श्रोते बेचाळीस. हा आकडा गुलाबरावांचा आहे. पाटलाचे नाव दुसऱ्याच ओवीत आले आणि जिन्यापर्यंत कुजबुज गेली. आजवर मी अक्षरेच वाचत होतो. पण बेचाळीस माणसे कान देऊन बसली की वाचणाऱ्याचाही कान उघडतो. मी पहिल्यांदाच ऐकू लागलो.

म्हातारा पाटील अंथरुणावर होता. सगळा गाव दारात. चाळिसाव्या ओवीत महाराज उशाशी बसले आणि पाटलाने डोळे उघडले. मी पान उलटले. एक्केचाळिसाव्या ओवीत पाटील काठी घेऊन महाराजांच्या अंगावर धावून गेला.

माझा आवाज थांबला नाही. तेवढी शिस्त अंगात आहे. पुढच्या वीस ओव्या पाटील तरणाबांड होता, शिव्या देत होता, दारातून महाराजांना हाकलत होता, मग पस्तावून त्यांना जेवायला बोलवत होता. साठाव्या ओवीत पंगत मांडली. एकसष्टाव्यात पाटलाची बायको बांगड्या फोडत होती आणि पुढे तेरवी.

दोन पाने. सईदभाईंच्या टेबलावर माझ्या हाताने ठेवलेली दोन पाने. म्हातारपणी शांतपणे गेलेल्या माणसाला मी ऐन तारुण्यात जाळला होता आणि मरणाच्या दारातल्या माणसाच्या हातात काठी दिली होती.

अध्याय अर्ध्यात सोडता येत नाही. मी तो संपवला. मला वाटले, आता कोणीतरी विचारेल. गुलाबराव उठून उभे राहिले.

"पाहा राजेहो," ते म्हणाले, "मरण तर अकराव्यातच झालं होतं. म्हणून इथं नुसती तेरवी केली. किती बारीक काम आहे!"

बेचाळीस जणांनी नमस्कार केला. फ्रिज मधेच सुरू होऊन घुमला, त्यालाही नमस्कार झाला.

सगळे गेल्यावर मी पुष्पांजलीला दोन्ही पाने दाखवली. तिने उभ्याउभ्याच वाचली. तिला एक मिनिटही लागले नाही.

"अहो, हे तर सरळ दिसून राह्यलं. तुमी लावताना वाचलं नाही?"

"क्रम बरोबर होता."

"क्रम!" ती खाली बसली. "त्या बाईची बारा वर्षं गेली की हो. अकराव्या दिवशीच खंडित झालं."

"आत्ताच चिखलीला फोन करून सांगतो."

"आन ती रडली म्हंजे? डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही म्हणलं डॉक्टरनं. बारा वर्षं पाण्यात घालोली, आता डोळाही घालवता काय?"

हा मुद्दा बिनतोड होता. आणि रुखमाबाईंना सांगायचे नाही म्हणजे कोणालाच सांगायचे नाही, कारण आमच्या कॉलनीतली बातमी दोन तासांत चिखलीला पोचते. मी सईदभाईंकडे मात्र गेलो. त्यांनी दोन पाने वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "मी सांगितलं होतं" असे ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरे वाटले असते.

"उसवू का साहेब?"

"नको. आवर्तन पूर्ण होऊ द्या. खाडाखोड नको."

पुढचे नऊ दिवस मी अर्थासकट वाचले, आणि सांगायला हरकत नाही, चरित्र चांगले आहे. पण प्रत्येक दिवशी गर्दी वाढत गेली तसा माझा आवाज खाली गेला. गुलाबरावांनी "अकरावा अध्याय, चमत्कारासह" स्वतंत्र छापायचा ठराव मांडला. मुखपृष्ठावर फ्रिज असावा की नसावा यावर मंडळात दोन तट पडले. सचिवबाईंनी हा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला आणि घरी येऊन माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

आठ फेब्रुवारीला रुखमाबाई परत आल्या. डोळ्याला काळा चष्मा, अंगावर नवे लुगडे. उद्यापनाचा स्वयंपाक शेषरावाच्या अंगणात चालू होता. त्यांना पाटावर माझ्या शेजारी बसवले. मी अठ्ठाविसावा अध्याय वाचला. शेवटची ओवी झाली, लोकांनी जयजयकार केला, शेषराव दचकून जागा झाला. गुलाबराव पंचनाम्याची प्रत घेऊन पुढे सरसावले. मी त्यांना हाताने थांबवले.

"माय, डोळा कसा आहे?" मी विचारले.

"टकाटक. काल डॉक्टर म्हणे, आता रडा नाहीतर हसा."

मी खिशातून कागद काढला. चार रात्री जे जमले नव्हते ते त्या सकाळी वीस मिनिटांत लिहिले होते. वेळेची मर्यादा असली की मला लिहिता येते. कागदावर असे होते:

"खुलासा. दिनांक बावीस आणि तीस जानेवारी रोजी झालेल्या वाचनात अध्याय अकरा व अध्याय एकोणीस यांतील प्रत्येकी वीस ओव्यांची अदलाबदल झाली. पाने सदर वाचकाने स्वतः लावली होती. बांधणी करणाऱ्यांनी सूचना दिली होती, ती वाचकाने ऐकली नाही. पाटील अकराव्या अध्यायात मरण पावलेले नाहीत. त्यामुळे जिवंत होण्याचा प्रश्न येत नाही. चुकीची संपूर्ण जबाबदारी वाचकाची आहे."

खाली मी "दिलगीर आहोत" असे सवयीने लिहिले होते. वाचताना ते "दिलगीर आहे" असे केले.

अंगणातल्या कढईचा आवाज ऐकू येत होता. पहिले गुलाबराव बोलले.

"म्हंजे पाटील मेला तो मेलाच काय?"

"एकोणिसाव्यात. म्हातारा होऊन. अंथरुणावर."

गुलाबरावांनी पंचनाम्याची घडी केली. आणखी एक घडी केली. "चांगला माणूस होता," ते म्हणाले आणि खाली बसले.

उद्यापनाची बातमी घ्यायला आलेला हरिओम पुढे आला. "सर, खुलासा मोठा आहे. दोन ओळीत होईल का? पाचव्या पानावर ट्रॅक्टरच्या जाहिरातीखाली जागा आहे."

रुखमाबाईंनी चष्मा काढला. पोथी मांडीवर घेतली. अकरावा अध्याय उघडला, ते पान काढले, नुसते बोट फिरवले. मग एकोणिसावा.

"हाव," त्या म्हणाल्या. "बदललं आहे." मग माझ्याकडे पाहून, "चिखलीत लेकीनं पेपर वाचून दाखोला होता मले. पाटील उठला म्हणे. मी म्हणलं, पेपरात काई बी येते."

"माय, माझ्यामुळे तुमची बारा वर्षं..." मी म्हणालो.

आता सगळे एकदम बोलू लागले. मंडळाच्या एका बाईचे मत पडले, की दोन पाने अकरा वेळा वाचली की भरून निघते. गुलाबराव सावरले होते. ते म्हणाले, "आजी, शुद्धिपत्रक लावून प्रकरण नियमित करता येते. तशी तरतूद असते." पुष्पांजली म्हणाली, "काकू, एकशे पंचावन्न तर निर्मळ आहेत नं? हे एकच आवर्तन पुन्हा करू. अठ्ठावीस दिवसाचा प्रश्न आहे. मी वाचतो."

रुखमाबाई पोथीच्या नव्या बांधणीवरून हात फिरवत होत्या.

"संकल्प काय होता?" त्यांनी विचारले. "खंड न पडता बारा वर्षं. खंड पडला. मंग पुन्हा पहिल्यापासून."

"बारा वर्षं?" शेषराव पूर्ण जागा झाला. "माय, तुले नव्वद होतीन."

"होतीन तर होतीन. तोवर मराले टाइम नाही मले."

"पण काऊन इतका त्रास..."

"त्रास?" रुखमाबाईंचा आवाज चढला. "हे उद्यापन उद्यापन करून राह्यले तुमी महिनाभर. नवं लुगडं आणलं. उद्या सकाळी सात वाजता उठून मी काय करू, हे कोणी सांगतलं का मले? चिखलीत डोळ्याले पट्टी बांधून तेच पाहत होती मी. काई दिसे ना."

शेषरावाने खाली पाहिले. हरिओमने मोबाइल खिशात ठेवला, आणि त्या प्रसंगाची बातमी आली नाही, हे त्याच्या नावे नोंदवतो.

मग त्या माझ्याकडे वळल्या. त्यांचा नवा डोळा फारच स्वच्छ होता. त्यातून सगळे दिसत असावे.

"आन तू."

"हो, माय. मी वाचेन. तुम्ही म्हणाल तेवढे दिवस."

"वाचाचं काम नाही तुह्यं. वाचता येते तुले, आयकता येत नाही. सईद सांगे ते आयकलं नाही, हा गुलाबराव विचारे ते आयकलं नाही. रोज सात वाजता येऊन बस. बारा वर्षं नुसतं आयक."

मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. मी मनात बेरीज केली आणि तोंडाने हो म्हणालो. पुष्पांजलीच्या चेहऱ्यावर चार दिवसांत पहिल्यांदा हसू आले. माझी रोजची सकाळ बारा वर्षांसाठी शेजारी लागली, याचा त्यात काही भाग असावा. मग सगळे जेवायला बसले. उद्यापन नव्हते, पण पुरण शिजले होते.

दुपारी सईदभाईंनी पोथी उसवली. दोन पाने त्यांनी स्वतः वाचून लावली. मी दुकानाच्या पायरीवर बसून चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी रुखमाबाईंकडे गेलो. हातात काही नव्हते. त्यांनी पहिला अध्याय सुरू केला. पुटपुटत नव्हे, मला ऐकू येईल असा. तो मी अठ्ठावीस दिवसांपूर्वी एकही अनुस्वार न गाळता वाचला होता. त्यात एक नऊ-दहा वर्षांचा पोरगा होता, बापाची घोडी सोडून तिच्यावर बसून पळालेला, आणि नदीला पूर आलेला. घोडी पाण्यात शिरली. पलीकडच्या काठावर कोणीतरी उभे होते. तिथे अध्याय संपला. रुखमाबाईंनी पोथी मिटली आणि फडक्यात बांधली.

"हा पोरगा म्हणजे पाटीलच का?" मी विचारले. "आणि पलीकडे कोण, महाराज? तो वाहून तर जात नाही ना?"

एकतीस वर्षे उद्याचा पेपर मी आजच वाचत आलो. रुखमाबाईंनी पोथी कोनाड्यात ठेवली, चष्मा लावला आणि चहाचे आधण ठेवायला आत गेल्या.

"उद्या सातले ये," आतून आवाज आला.